कागद कुठाय?



अंक दोन महिने उशिरा निघतोय. प्रेसवाल्याचं बिल थकलंय, कागदवाला उधार देत नाही, नि संपादक बेकार आहे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी दर अंकाला असतात, त्यांचं रडगाणं नको. तिसरीबद्दल लिहितो, कारण ती माझ्या एकट्याची नाही. हा अंक बगलेत मारून लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या निम्म्या पोरांवर ती येऊन गेली असेल, उरलेल्यांवर यायची असेल.

डॉकात तीन वर्षं चार महिने मी एका टोळीत होतो. जहाजाच्या पोटात उतरायचं, पोलादाच्या कॉइली बांधायच्या, खताच्या गोण्या स्लिंगमध्ये रचायच्या, क्रेन वर गेली की पुढची रास. या तीन वर्षांत माझा गेट पास तीनदा बदलला. फोटो तोच, टोळी तीच, मुकादम तोच, फक्त पासावरचं कंत्राटदाराचं नाव निराळं. दर नव्या नावाला मी नवा कामगार. पाठीचा कणा मात्र जुनाच. या पावसाळ्याआधी मी मुकादमाला विचारलं, पगारातून पीएफ कापता, तर माझा नंबर द्या. देतो म्हणाला. तिसऱ्या दिवशी गेटवर पास चालेना. मुकादम पलीकडं उभा होता, त्यानं हातानंच जा म्हणून खूण केली. झालं. चिठ्ठी नाही, नोटीस नाही, हिशेब नाही. शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं, शिवी माणसाला देतात.

एका सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या माणसानं निम्मी तक्रार ऐकली नि विचारलं, ‘‘काढल्याचं पत्र कुठाय?’’ नाही म्हटलं. ‘‘बरं, लागल्याचं?’’ तेही नाही. ‘‘मग तुला काढलंय कशावरून?’’ माणूस वाईट नव्हता, चहा पाजला त्यानं. पण जिना उतरताना डोक्यात उजेड पडला. कामावरून काढायला आधी माणूस कामावर असावा लागतो, नि मी कागदोपत्री कधी कामावर नव्हतोच. तीन वर्षं चार महिने त्या कॉइली आपोआप बांधल्या जात होत्या.

मराठी भाषेची पण कमाल आहे. ज्याच्याजवळ कसलंच कंत्राट नसतं, त्यालाच आपण कंत्राटी कामगार म्हणतो.

मुंबईत बसून करायचं काय, म्हणून गावी गेलो. आमचं गाव पारनेर तालुक्यात. जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तरी लोकांच्या तोंडात नगरच. पुण्यावरनं एसटी निघाली की पेरणे फाट्याला कोरेगाव भीमाचा खांब लागतो. त्या दगडावर ‘नाक’ लावलेली आपली नावं आहेत. १ जानेवारीला आपण लाखानं तिथं जातो, डोकं टेकतो. पण १८१८ नंतर काय झालं ते कुठल्या पोस्टरवर छापत नाहीत. ज्या फौजेसाठी ते लढले तिनंच १८९२ साली महारांची भरती बंद केली. तुम्ही लढाऊ जात नव्हे म्हणाले. दगडावर नाव आजोबाचं, नि नातवाला भरतीच्या दारातनं हाकललेलं. गोपाळबाबा वलंगकर त्याच फौजेचे पेन्शनर. त्यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध सरकारला अर्ज लिहिला. सामुदायिक बडतर्फीविरुद्धचा अर्ज म्हणून तो मी वाचतो. त्यात त्यांनीही आधी हेच शाबीत करायचा प्रयत्न केलाय की आम्ही होतो, आम्ही नोकरी केली, आमचं रक्त तुमच्या वहीत जमा आहे. सव्वाशे वर्षांवर झाली, प्रश्न बदललेला नाही. कागद कुठाय?

गावी माझा चुलतभाऊ सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात जायचा. कारखान्याचं नाव छापत नाही, त्याचा अर्ज अजून व्हायचाय. तोही कंत्राटदाराकडनं. त्याची तऱ्हा माझ्याहून बारीक. सात महिने काम, मग पंधरा दिवस घरी बस, मग पुन्हा नवा पास. हे कशासाठी ते त्याला ठाऊक नव्हतं, मला बापानं सांगितलं म्हणून ठाऊक. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात २४० दिवसांचा आकडा होता. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की सलग वर्षाची नोकरी धरायची. मग काढायचं तर महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, शिवाय दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार भरपाई. २४० भरू द्यायचे नाहीत म्हणून सात महिन्यांवर कात्री. या खेपेला पंधरा दिवस होऊन गेले, दोन महिने झाले, बोलावणं आलं नाही.

भाऊ म्हणाला, ‘‘दादा, राळेगणला जाऊ. अण्णांना अर्ज देऊ. राज्यातनं लोक येतात तिथं अर्ज घेऊन.’’ म्हटलं चल. मोटारसायकल काढली, वाडेगव्हाणवरनं आत वळलो. यादवबाबांच्या देवळाच्या अलीकडं एका झाडाखाली त्यानं अर्ज काढला. फुलस्केपवर सुवाच्य अक्षरात लिहिलेला, कुणाच्या तरी जुन्या अर्जावरनं मायना उतरवलेला. खाली शेवटची ओळ: ‘सोबत जोडलेली कागदपत्रे’. तिच्यापुढं दोन टिंबं. टिंबांपुढं काही नाही. भाऊ माझ्याकडं बघत होता, मी शहाणा, मुंबईचा, अंक काढणारा. ‘‘इथं काय लिवायचं?’’

आम्ही तसेच परत आलो. अण्णांना भेटलो नाही, तेव्हा त्यांचा यात काही दोष नाही. पण तासभर तिथं बसलो होतो, नि राळेगणबद्दल बरंच डोक्यात घोळत होतं. ते लिहितो. काही दोस्तांना झोंबेल, काहींना वाटेल कमी लिहिलं.

राळेगणसिद्धीत पाणी आलं हे खरंय. १९७५ साली अण्णा हजारे लष्करातनं परत आले, बांध घातले गेले, नाले अडवले गेले, झाडं लागली, दारूच्या भट्ट्या गेल्या. दुष्काळी तालुक्यात विहिरीला पाणी लागणं म्हणजे काय हे माझ्या आत्याच्या डोक्यावरच्या चुंबळीला विचारा, मी नाकारणारा कोण. दलित घरांवरचं कर्ज गावानं श्रमदान करून फेडलं असंही राळेगणवरच्या लिखाणात वाचलंय. चांगलं झालं.

पण श्रमदान म्हणजे काय दोस्तहो? ज्याची जमीन बांधाच्या खाली आहे, त्याचं दान दोन पावसाळ्यांत विहिरीतनं परत येतं. ज्याला जमीन नाही त्याचं दान दानच राहतं. आदर्श गावाच्या तत्त्वांत चराईबंदी आहे. डोंगर हिरवा राहायचा तर शेरडं वर सोडून चालत नाही, कबूल. पण ज्याचं घरच चार शेरडांवर चालतं, त्याच्यासाठी तो ठराव म्हणजे बिननोटिशीची बडतर्फी. भरपाईचे पंधरा दिवस कुणी मोजून द्यायचे? डोंगरानं?

दुसरी गोष्ट अण्णा स्वतःच सांगत आलेत. लष्करातली नोकरी मनात असूनही त्यांनी आधी सोडली नाही, पेन्शनचा हक्क होईपर्यंत थांबले, नि मग गावाला वाहून घेतलं. देवळात राहायचं, नि भाकरी पेन्शनीची. यात मी खोट काढत नाही, उलट मला हा राळेगणचा सगळ्यात खरा धडा वाटतो. शाळेच्या पुस्तकात तो नसतो एवढंच. भरतीची तारीख, सुटल्याची तारीख, नंबर, शिक्का. तो कागद खिशात होता म्हणून एक माणूस आयुष्यभर कुणापुढं वाकला नाही. माझ्या भावाला तसला कागद द्या, तोही सांजच्याला श्रमदानाला येईल. गाणं म्हणत येईल.

तिसरी गोष्ट मला गिळवत नाही. मुकुल शर्मा यांनी राळेगणचा अभ्यास करून लिहिलंय, त्यात अण्णांचं म्हणणं नोंदलंय. गावात एक चांभार असावा, एक सोनार असावा, एक कुंभार असावा, ज्यानं त्यानं आपल्या धंद्याप्रमाणं काम करावं म्हणजे गाव स्वयंपूर्ण होतं, ही गांधींची कल्पना होती नि राळेगणात आम्ही तेच करतोय, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे बलुतेदारी. आता बलुतेदारी हा विषय माझ्याशी बोलायचा असेल तर सावकाश बोला, कारण माझा आज्या येसकर होता.

येसकर म्हणजे वेशीवरचा माणूस. दवंडी त्यानं द्यायची, टपाल त्यानं न्यायचं, साहेब आला की घोड्यापुढं त्यानं पळायचं, ढोर मेलं की त्यानं ओढायचं. पगार म्हणाल तर खळ्यावरचा सुगीचा वाटा नि दारोदारच्या शिळ्या भाकरी. काम सरकारचं नि गावाचं, मोबदला मात्र कुणब्याच्या मर्जीवर. १८७४ च्या वतनाच्या कायद्यानं हे सगळं पक्कं बांधलेलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचं बिल आणलं. त्यांनी तेव्हा मांडलेलं गणित साधं होतं. कामाचे तास ठरलेले नाहीत, काम ठरलेलं नाही, पगार ठरलेला नाही, नि बाप हजर नसला तर घरातल्या दुसऱ्या माणसाला धरून नेता. ही कसली नोकरी? बिल पास झालं नाही. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं.

म्हातारी माणसं अजून सांगतात, वतनदाराला कुणी काढू शकत नव्हतं रे. खरंय आज्ज्या. काढणार कसं, सोडतच नव्हते. आणि काढायची वेळ आली तेव्हा काढलंच की. १९५६ ला धम्म घेतल्यावर आज्यानं ढोर ओढायचं सोडलं. गावानं भाकरी बंद केली, खळं बंद केलं. नोटीस म्हणून दवंडीसुद्धा झाली नाही. दवंडी पिटणार कोण, पिटणारा तोच होता.

करार मोडण्याचा गुन्हा या देशात पहिल्यापासून एकाच बाजूचा आहे. १८५९ साली इंग्रजांनी कायदा केला, कामगाराच्या करारभंगाचा. आगाऊ पैसे घेऊन कामगार कामावर आला नाही तर मॅजिस्ट्रेटपुढं उभा, नि हुकूम मोडला तर सक्तमजुरी. मालकानं करार मोडला तर त्याच्या हातात बेडी घालायची तजवीज त्या कायद्यात नव्हती. तो रद्द करायला १९२५ साल उजाडलं. पुढं १९३८ ला मुंबई सरकारनं औद्योगिक कलहाचं बिल आणलं, संपाला शिक्षा ठेवली. बाबासाहेब असेंब्लीत उभे राहिले. नोकरीचा करार मोडणं हा गुन्हा ठरवायचा म्हणजे माणसाला त्याच्या मनाविरुद्ध राबवायचं, म्हणजे गुलामी, असा त्यांचा मुद्दा होता. वतन भोगलेल्या समाजातनं आलेला माणूस हे बोलत होता, पुस्तकातनं नाही. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष नि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. निळे नि लाल एका मैदानात. हल्ली जयंतीच्या मिरवणुकीत ही तारीख कुणाला आठवत नाही.

असो. आज्या मुंबईला आला, डॉकात लागला.

त्याच्या आधीचे डॉकातले दिवस म्हणजे गेटवर गर्दी करायची, टोळीवाल्यानं बोट दाखवायचं, तू ये, तू ये, तू नको. ज्यानं काल दारू पाजली तो आत. ते मोडलं १९४८ च्या डॉक कामगारांच्या कायद्यानं, मुंबईची योजना १९५६ ची. कायद्याच्या मागं पी. डिमेलोसारखी माणसं नि त्यांची युनियन होती, फुकट काही आलं नाही. डॉक लेबर बोर्डानं यादी केली. यादीत नाव लागलं की पाळीपाळीनं काम, नि हजेरी लावून काम नाही मिळालं तरी हजेरीचे पैसे. आज्याला बोर्डाचं कार्ड मिळालं. ज्या माणसाला गाव ‘ए येसकऱ्या’ म्हणून हाक मारायचं, त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव एका कागदावर शाईनं लिहिलेलं. तो कागद त्यानं बाबासाहेबांच्या फोटोमागं ठेवलेला, आजही तिथंच आहे. १९६९ ला माथाडी कायदा आला, त्यानं हमालांना अशीच मंडळं दिली. मालक कितीही असोत, मजुराचं नाव एका वहीत. ही साधी युक्ती महाराष्ट्रानं शोधलेली, नि आपण ती हातानं घालवतोय.

आज्याच्या जागी बाप लागला. १९९४ ला बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं, बाप पोर्टाचा कामगार झाला, २०२० ला रिटायर झाला, पेन्शन घेतो. या अंकाच्या मागच्या दोन खेपांचा कागद त्या पेन्शनीतनं आलाय, हे आज छापून टाकतो, म्हातारा वाचत नाही. बापाची जागा भरली नाही. मी तेच काम करत होतो, त्याच धक्क्यावर, पण ती जागा नव्हती. आज्या गुलामीतनं कागदावर आला, बाप कागदावर जगला, नि तिसऱ्या पिढीला मी परत गेटवर उभा, मुकादमाच्या बोटाकडं बघत.

कोर्टानं काय केलं म्हणाल तर दोन्ही केलं. १९९६ साली एअर इंडियाच्या सफाई कामगारांच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, जिथं कंत्राटी पद्धत बंद केली तिथले कामगार मूळ मालकाचे. पाच वर्षांत, २००१ ला, स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठानं ते फिरवलं. कंत्राट बंद झालं म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही. त्या खटल्यात समोर युनियन होती वॉटरफ्रंट वर्कर्सची, म्हणजे आपलेच गोदीवाले भाऊबंद. कंत्राट निव्वळ देखावा होता हे शाबीत करा, मग बघू. शाबीत कशानं करायचं ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

पण नगर जिल्ह्यातलीच एक गोष्ट आहे, नि राळेगणच्या झाडाखाली मला ती फार आठवली. राळेगणमुळं ज्या जिल्ह्यात झाड लावणं पुण्याचं काम झालं, त्याच जिल्ह्यात सामाजिक वनीकरणाचे खड्डे खणणारे, रोपं लावणारे मजूर सरकारनं वर्षानुवर्षं रोजंदारीवर ठेवले. पुण्याला पाचगाव-पर्वतीच्या वनयोजनेवर तेच. हे मजूर १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली औद्योगिक न्यायालयात गेले. त्या कायद्यात अनुचित प्रथांची यादी आहे, तीत एक कलम: कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली, हंगामी, तात्पुरता ठेवणं. सरकार सुप्रीम कोर्टापर्यंत भांडलं. म्हणालं, जंगल राखणं हे राजाचं काम, आम्ही उद्योग नव्हे, कामगार कायदा आम्हाला लागू नाही. आणि म्हणालं, हक्क बुडवायचा आमचा हेतू होता हे दाखवा. डिसेंबर १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं, मुख्य वनसंरक्षक विरुद्ध जगन्नाथ मारुती कोंढरे या खटल्यात, दोन्ही म्हणणी फेटाळली. हे काम राजसत्तेशिवाय कुणीही करू शकतो, तेव्हा हा उद्योगच. आणि पाच-सहा वर्षं माणसाला तात्पुरता ठेवता, यातच तुमचा हेतू दिसतो. ३१ जानेवारी १९९६ ला सरकारनं जीआर काढला, आठ हजारांवर वनमजूर कायम झाले.

आता नीट बघा, ते जिंकले कशावर. कोर्टापुढं आकडे होते, दर वर्षी १०० ते ३३० दिवस काम. आकडे होते कारण मस्टर होतं. कुणीतरी रोज सकाळी त्यांचं नाव पुकारून वहीत काडी मारत होतं. आणि त्या जीआरमध्ये रोजगार हमीवरचे दिवस धरले नाहीत. तोच खड्डा, तीच कुदळ, पण वही दुसऱ्या रकान्याची. म्हणजे अर्ध्या बाया तिथंच गळाल्या असणार.

दुसरा खटला तर आपल्या घरचा. रात्री एसटीच्या डेपोत गाड्या झाडणारे, धुणारे. त्यांना गाडीमागं पैसे. कास्ट्राईब राज्य परिवहन कर्मचारी संघटना त्यांच्या बाजूनं लढली. मधे २००६ ला उमादेवीचा निकाल आलेला, मागच्या दारानं आलेल्यांना कायम करू नका म्हणणारा, नि सरकारी खाती तो ढालीसारखी पुढं करत होती. २००९ ला सुप्रीम कोर्टानं एसटी महामंडळाला सांगितलं, उमादेवीचा निकाल १९७१ च्या कायद्याखालचे औद्योगिक न्यायालयाचे अधिकार काढून घेत नाही. अनुचित प्रथा करणारा तुम्हीच, नि त्याचा फायदाही तुम्हालाच? कास्ट्राईब म्हटलं की आपली पोरं नाक मुरडतात, बदल्या-बढत्या बघणारी बाबू लोकांची संघटना म्हणून. मीपण मुरडायचो. गाड्या धुणाऱ्यांसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत तीच पोचली, आपले मोर्चे आझाद मैदानावरनं परत आले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, १९४७ चा कायदा गेला. सरकार म्हणतंय आता प्रत्येकाला नेमणूकपत्र सक्तीचं. या एका ओळीला मी टाळी वाजवतो, एका हातानं वाजते तेवढी. दुसऱ्या हाताला हे बघा: छाटणीआधी सरकारची परवानगी घ्यायची अट शंभर कामगारांच्या कारखान्यांना होती, ती आता तीनशेवर. मुदतीची नोकरी हा नवा प्रकार, मुदत संपली की माणूस संपला, तिला छाटणी म्हणायचंच नाही. बडतर्फीचा वाद न्यायचा तर आधी तीन वर्षं होती, आता दोन. म्हणजे कागद मिळेल, पण त्यावर मरणाची तारीख आधीच छापलेली. तरी घ्या. कागद नसण्यापेक्षा तारखेचा कागद बरा, त्यावर भांडता तरी येतं.

आणि आपलं काय? आपण राखीव जागांसाठी डोकी फोडून घेतली, घेतलीच पाहिजेत. पण ज्या जागेत आरक्षण होतं ती जागा झाडूवाल्यापासून क्लार्कपर्यंत कंत्राटदाराच्या खिशात गेली, नि कंत्राटदाराला बिंदुनामावली नाही. आमच्या वस्तीत १४ एप्रिलच्या कमानीवर ज्याचा फोटो असतो, डीजेचे पैसे जो देतो, तो मजूर पुरवणारा आहे. कार्यकर्ता त्याच्या गाडीत फिरतो, नि कार्यकर्त्याचा भाऊ त्याच्याकडं बिनकागदाचा राबतो. हे मी कुणा एकाला उद्देशून लिहीत नाही, आणि ज्याला लागेल त्यानं घरी यावं, भांडू. आपल्यातली निम्मी पोरं कंत्राटी आहेत हे एकमेकांना सांगायला लाजतात. कंपनीत आहे म्हणतात. कंपनी कुठली? गप्प.

तर काम सांगतो, भाषण पुरे. पास हातात असेतोवर त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मुकादमाचे ‘उद्या फर्स्ट शिफ्ट’ वाले मेसेज पुसू नका, घरच्या दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा. पगार रोख देत असेल तर त्या दिवशीची तारीख नि रक्कम वहीत लिहा, शेजारच्याची सही घ्या. ईएसआयसीचा, पीएफचा नंबर मागा, पण माझ्यासारखं एकट्यानं मागू नका, टोळीनं मागा. तो धडा मी फुकट देतोय.

माझ्या भानगडीचं असं झालंय. पाळी सुटल्यावर कविता लिहायला मला कागद नसायचा, तेव्हा टॅलीवाल्यानं टाकून दिलेल्या चिठ्ठ्या उचलायचो. पाठकोरी बाजू चांगली असते. वकिलाकडं जाताना बायकोनं ती पिशवीच हातात दिली. वकिलानं कवितेकडं ढुंकून बघितलं नाही, चिठ्ठी उलटी केली. पुढच्या बाजूला जहाजाचं नाव, हॅच नंबर, टोळीचा नंबर, तारीख, पाळी. मागं माझं अक्षर, त्याच दिवसाचं. तो सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडून मोजत बसला. शेवटच्या बारा महिन्यांतले १७३ दिवस निघाले.

म्हणून या अंकात माझी कविता नाही. मूळ प्रती वकिलाच्या कपाटात आहेत, नि मला पाठ येत नाहीत.

अजून ६७ दिवस हवेत. आमच्या टोळीतले जे कुणी हे वाचत असतील त्यांनी फोनमधले फोटो बघा. जेवणाच्या सुट्टीतले, क्रेनखालचे, कुणाच्या वाढदिवसाचे, मागं मी उभा असेन कुठंतरी. तारखेसकट पाठवा. रविवारी संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो. सुप्याचा भाऊपण आलाय, त्याचा अर्ज नव्यानं लिहायचाय. येताना आपापले पास आणा.